वार (प्लॅसेंटा) खाली असल्याने दहा आठवडे रुग्णालयात राहावे लागणाऱ्या शेजारणीला आणि तिच्या नवऱ्याला नेमकी कशी मदत करावी?

इंदिरानगरची काकू

नमस्कार. आमच्या मजल्यावर समोरच्या घरात एक तरुण जोडपे आणि त्यांची चार वर्षांची मुलगी राहते. मुलीच्या आईला आता दुसऱ्यांदा दिवस गेले असून सव्विसावा आठवडा पूर्ण झाला आहे. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तिला अचानक रक्तस्राव झाला. पोटात दुखत नव्हते, कळा नव्हत्या, केवळ अंथरूण भिजले म्हणून तिला जाग आली. त्याने माझ्या दाराची बेल वाजवली तेव्हा त्याच्या एका हातात गाडीची किल्ली होती आणि खांद्यावर झोपलेली मुलगी. मुलीला माझ्याकडे सोपवून ते दोघे मुंबई नाक्याजवळच्या एका रुग्णालयात गेले. वार खाली आहे आणि तिने गर्भाशयाचे तोंड पूर्ण झाकले आहे, असे सोनोग्राफीत दिसले. पहिली मुलगी सीझरने झालेली असल्यामुळे डॉक्टरांना अधिकच काळजी वाटते. तीन दिवसांनी पुन्हा रक्त गेले, तेव्हा मात्र बाळंतपण होईपर्यंत घरी सोडणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. छत्तीस आठवड्यांपर्यंत न्यायचे असे ठरले आहे, म्हणजे मार्चअखेरपर्यंतचा मुक्काम.

तो अंबडच्या एका कारखान्यात पाळीवर जातो. तिचे माहेर धुळ्याचे. तिच्या वडिलांना अर्धांगवायू झाल्यामुळे आईला घर सोडता येत नाही. सासर दिंडोरी तालुक्यात, घरचीच द्राक्षबाग. हंगाम तोंडावर आला आहे आणि थंडी उतरली की बागेत रात्रभर शेकोट्या पेटवून बसावे लागते. त्यामुळे सासूबाई येतात, चार दिवस राहतात आणि पुन्हा गावाकडे धावतात. कोणालाही दोष देण्यासारखी परिस्थिती नाही.

माझी अडचण वेगळी आहे. मी त्याला विचारते, तो नम्रपणे म्हणतो, “काकू, काही लागलं तर सांगतो,” आणि सांगत काहीच नाही. मी आपणहून चार दिवस डबा पाठवला. चौथ्या दिवशी तो न उघडताच परत आला, कारण त्या दिवशी आणखी तिघींनी डबे पाठवले होते, असे नंतर समजले. मग मी तिला भेटायला गेले, तासभर बसले आणि लिफ्टमधून खाली येताना माझ्या लक्षात आले की त्या तासात तिनेच माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, माझ्या मुलाच्या नोकरीविषयी विचारले आणि शेवटी मलाच धीर दिला. मला फार ओशाळल्यासारखे झाले.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण व्हावे, ही सासूबाईंची मोठी हौस आहे. ते रुग्णालयात करावे का? आणि मुलगी रोज संध्याकाळी सहा वाजता दारात जाऊन उभी राहते, तिला काय सांगावे? ज्यांनी हे अनुभवले आहे त्यांनी कृपया लिहावे.

खिडकीशेजारची खाट

काकू, मी २०१९ साली याच कारणासाठी सात आठवडे कॉलेज रोडजवळच्या एका रुग्णालयात होते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

“काही लागलं तर सांग” हे वाक्य बोलणारा माणूस मनापासूनच बोलतो, पण त्यामुळे काम ऐकणाऱ्याच्याच अंगावर पडते. काय लागते ते आधी आपण ठरवायचे, मग कोणाला सांगायचे ते ठरवायचे, मग त्याला वेळ आहे का याचा अंदाज घ्यायचा आणि शेवटी उपकाराखाली यायचे. ज्याला तीन रात्री झोप नाही त्याच्याने हे होत नाही. त्यामुळे विचारूच नका, सांगा. “मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारचा डबा माझा, साडेबाराला पोहोचेल, रिकामा डबा खाटेखाली ठेवा, मी पुढच्या फेरीला नेईन,” एवढे एक वाक्य पुरते. त्याला फक्त मान हलवायची असते. चार डबे एका दिवशी आणि पुढचे तीन दिवस उपाहारगृहातली इडली, हे आमच्याकडेही झाले होते. मग माझ्या जावेने सगळ्यांचे वार ठरवून दिले आणि नवऱ्याच्या फोनवर येणारे सगळे फोन स्वतःकडे वळवले. रोज रात्री ती नातेवाइकांच्या गटावर दोन ओळी टाकत असे: आज तब्येत ठीक, रक्त गेले नाही, बाळाचे ठोके चांगले. ते एकच वाक्य नवरा त्यापूर्वी रोज अठरा वेळा बोलत होता.

भेटीविषयी सांगायचे तर, तुम्हाला आलेला अनुभव प्रत्येकाला येतो. खाटेवरची बाई आलेल्यांची यजमानीण होते, कारण तेवढेच तिच्या हातात उरलेले असते. वीस मिनिटे पुरेत. मात्र जी वीस मिनिटे बसायची ती हातात काहीतरी काम घेऊन बसा. माझ्या सासूबाईंची एक मैत्रीण दर बुधवारी येत असे. पहिल्या बुधवारी तिने सिस्टरांची परवानगी घेतली, खाटेच्या कडेला मेणकापड पसरले, खाली बादली ठेवली, माझे डोके हलकेच कडेला ओढले आणि तांब्या तांब्याने कोमट पाणी सोडत माझे केस धुतले. सतरा दिवसांनी केस धुतले जात होते. पंख्याखाली ते वाळेपर्यंत ती काही बोलली नाही, मग तेल लावून दोन वेण्या घातल्या, शाळेत घालतात तशा, कारण आडवे पडले की अंबाडा टोचतो. पुढचे पाच बुधवार मी तिचीच वाट पाहत होते.

आणखी एक सांगते. तिथे दिवस तारखेने मोजत नाहीत, आठवड्याने मोजतात. माझे आठवडे गुरुवारी पूर्ण होत. “आज एकोणतीस झाले” असा निरोप ज्या दोघी-तिघींकडून आपणहून येत असे, त्यांच्याविषयी मला आजही वेगळी आपुलकी वाटते. “अजून किती दिवस?” असे मात्र कोणीही विचारू नये.

कोणाच्या कोणाचे काय झाले, हे तर बोलूच नका. मला भेटायला येऊन दोन बायकांनी आपापल्या भाचीची दुःखद कथा ऐकवली होती. का ऐकवली, ते मला अजून कळलेले नाही.

अंबड–सातपूर

मी नवऱ्याच्या बाजूने लिहितो. माझ्या पत्नीला जुळे होते आणि रक्तदाब वाढल्यामुळे ती पाच आठवडे दाखल होती. बाळे एकतिसाव्या आठवड्यात झाली, दोन्ही आता शाळेत जातात.

सगळे तिच्याकडे पाहतात आणि ते योग्यच आहे. पण तो माणूस सकाळी मुलीचा डबा, मग कारखाना, मग रुग्णालय, मग औषधांची चिठ्ठी घेऊन मेडिकल, मग विम्याच्या खिडकीसमोरची रांग आणि रात्री बाहेरच्या बाकावर झोप, असा फिरत असतो. त्याला घाबरण्यासाठी वेळ आणि जागा दोन्ही नसतात. मी रात्री गाडीतळावर स्कूटरवर नुसता बसून राहत असे, कारण वर गेले की चेहरा नीट ठेवावा लागतो आणि घरी गेले की आईला उत्तरे द्यावी लागतात. माझा पाळीवरचा एक सहकारी रोज दुसरी पाळी संपली की घरी जाण्याआधी तिथे येई, टपरीवरून दोन कटिंग आणी, दहा मिनिटे कारखान्यातल्या गप्पा मारी आणि निघून जाई. एकदाही त्याने “डॉक्टर काय म्हणाले” असे विचारले नाही. हे काम काकूंच्या घरातले पुरुष करू शकतील.

आता व्यवहाराचे. पहिल्या आठवड्यातच विम्याची पॉलिसी कोणीतरी शांतपणे वाचावी. खोलीभाड्याला मर्यादा असते आणि ती ओलांडली की बऱ्याच पॉलिसींमध्ये केवळ भाडेच नव्हे, तर डॉक्टरांच्या फीसह इतर खर्चही त्याच प्रमाणात कापला जातो. आम्ही “थोडी मोठी खोली घेऊ, तिला बरे वाटेल” म्हणालो आणि हिशेब कळला तेव्हा तीन आठवडे उलटून गेले होते. बाळाला काचेच्या पेटीत ठेवावे लागले तर त्याचे बिल वेगळे होते. नवजात बाळाला पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे का आणि त्यासाठी किती दिवसांत कळवावे लागते, हे आत्ताच विचारून ठेवावे. रुग्णालय महात्मा फुले जनआरोग्य योजनेत असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला गाठावे, कारण कोणत्या उपचाराला योजना लागू होते हे तोच नेमके सांगू शकतो. पैशाची ओढाताण फार झाली तर शासकीय रुग्णालयाचा पर्याय कमीपणाचा मानू नये. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून तिथे बाळंतपण, सीझर, औषधे, रक्त आणि आजारी नवजात बाळाचे उपचार विनामूल्य आहेत.

पत्नी नोकरी करत असेल तर तिच्या रजेचे कागदही दुसऱ्या कोणीतरी हाती घ्यावेत. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा १२ वरून २६ आठवड्यांची झाली, पण त्यांपैकी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधी जास्तीत जास्त आठच आठवडे घेता येतात. इथे तर सव्विसाव्या आठवड्यातच दाखल व्हावे लागले आहे. गर्भारपणामुळे आलेले आजारपण किंवा अपुऱ्या दिवसांची प्रसूती असेल तर वैद्यकीय दाखला देऊन आणखी एक महिन्यापर्यंत रजा मागता येते, ही तरतूद अनेकांना ठाऊक नसते.

शेवटचा मुद्दा रक्ताचा. तिच्या गटाचे दाते आजच गोळा करून ठेवा आणि शक्य असेल तर पतीनेही रक्त देऊन ठेवावे.

निवृत्त सिस्टर, नाशिक रोड

मी प्रसूती विभागात तीस वर्षांहून अधिक काळ काम केले आहे. वरील दोन्ही प्रतिसाद चांगले आहेत, पण रक्ताच्या बाबतीत दुरुस्ती करणे आवश्यक वाटते.

दाते आजच गोळा करू नका, दात्यांची यादी आज तयार करा. लाल पेशींची पिशवी फार तर सहा आठवडे टिकते आणि पुरुषाला एकदा रक्त दिल्यावर तीन महिने, तर स्त्रीला चार महिने पुन्हा देता येत नाही. उत्साहाने पहिल्याच आठवड्यात दहा जणांनी रक्त दिले, तर मार्चमध्ये खरी गरज लागेल तेव्हा तेच दहा जण हात बांधून उभे राहतील. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ असलेली माणसे शोधून त्यांचे फोन क्रमांक एका कागदावर लिहा आणि रात्री दोन वाजता कोण फोन उचलेल, त्याच्या नावापुढे खूण करा. पतीने रक्तदान जरूर करावे, पण ते रक्त पत्नीला दिले जाऊ नये. पतीच्या पेशींविरुद्ध तिच्या शरीरात प्रतिपिंडे तयार झाली तर ती पुढच्या गर्भारपणात त्रासदायक ठरू शकतात. सख्ख्या भावाचे किंवा बहिणीचे रक्तही थेट देणे टाळले जाते. रक्तपेढीत दिले आणि दुसऱ्या कोणाला उपयोगी पडले, तर उत्तमच.

आता वार खाली असणे म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते, म्हणजे येणारे-जाणारे नातेवाईक “काय गं, पडलीबिडलीस का?” असे विचारणार नाहीत. ती पडलेली नाही, तिने जड उचललेले नाही, तिचे काहीही चुकलेले नाही. वार सामान्यतः गर्भाशयाच्या वरच्या भागात रुजते, काही वेळा ती खालच्या भागात रुजते. शेवटच्या तीन महिन्यांत तो खालचा भाग ताणला जाऊन पातळ होऊ लागतो आणि त्या ठिकाणची वार थोडी सुटून रक्त जाते. म्हणूनच ते कळा न येता, अचानक जाते आणि आपोआप थांबतेही. पुढचा स्राव केव्हा आणि किती होईल, हे कोणालाच सांगता येत नाही. तिला रुग्णालयात ठेवण्याचे खरे कारण हेच आहे. तिथे शस्त्रक्रियागृह आणि रक्त काही मिनिटांच्या अंतरावर असते. इंदिरानगरचा बोगदा संध्याकाळी कसा तुंबतो, ते काकूंना सांगायला नको.

पहिले सीझर झालेले असताना वार खाली आली तर ती जुन्या व्रणाला चिकटून बसण्याची शक्यता असते. त्याविषयी डॉक्टर त्या दोघांशी बोलले असतील किंवा बोलतील. तो विषय त्यांनी काढला तर ऐकून घ्या, आपण होऊन काढू नका.

अंथरुणाविषयी. पूर्वी आम्ही अशा बायकांना पायही खाली टेकवू देत नसू. आता तसे करत नाहीत, कारण नुसते पडून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. डॉक्टरांनी न्हाणीघरापर्यंत जाण्याची मोकळीक दिली असेल, तर “उठू नकोस, उठू नकोस” असे ओरडून तिला घाबरवू नका. तिने भरपूर पाणी प्यावे, घोटे वर-खाली हलवत राहावेत. डब्यात भाकरी, पालेभाजी, कोशिंबीर आणि फळे असावीत, कारण लोहाच्या गोळ्यांनी मलावरोध होतो आणि या स्थितीत कुंथणे चांगले नाही. गोळीबरोबर चहा किंवा दूध नको, लिंबू पिळलेले वरण चालेल. शिऱ्याचे डबे पुरे झाले. केस धुणे, पाय चोळणे या गोष्टी प्रेमाच्या असल्या तरी आधी ड्यूटीवरच्या सिस्टरला विचारा. विशेषतः पोटऱ्या चोळू नका, आणि एकच पाय सुजला किंवा दुखू लागला तर लगेच सांगा.

लवकर बाळंतपण होण्याची चिन्हे दिसली तर बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शने देतात, साधारणतः चौतीस आठवड्यांच्या आत. ती एक-दोन दिवसांत पूर्ण होतात. “स्टेरॉइड” शब्द ऐकून नातेवाईक हबकतात आणि कोणीतरी त्या मुलीला “घेऊ नकोस” असा सल्ला देतो. तसे कोणी म्हणाले तर काकूंनी त्याला दाराबाहेर न्यावे.

स्पष्टवक्ता

माझे मत कोणाला आवडणार नाही. आमच्या आजीची अकरा बाळंतपणे घरात झाली, ती आदल्या दिवसापर्यंत शेतात खुरपत होती. आजकाल जरा काही झाले की दहा आठवडे खाट अडवून ठेवतात आणि बिल वाढवतात. दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि मुलीला घरी आणावे.

निवृत्त सिस्टर, नाशिक रोड

दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेण्यास माझी हरकत नाही. फाईलची प्रत काढून काकूंच्या ओळखीच्या एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवता येईल, त्यासाठी रुग्णाला हलवावे लागत नाही. पण आपल्या आजीची वार वरच्या बाजूला होती, म्हणून तिची अकरा बाळंतपणे निभावली. ज्यांची वार तोंडावर होती अशा बायका त्या काळी घरात रक्त जाऊन दगावत आणि “बाळंतपणात गेली” एवढेच त्यांच्याविषयी बोलले जाई. प्रत्येक जुन्या घराण्यात अशी एखादी पणजी असते. विचारून पाहा.

बालवाडीची बाई

मुलीविषयी लिहिते. माझ्या वर्गात गेल्या काही वर्षांत अशी तीन मुले येऊन गेली आहेत.

चार वर्षांच्या मुलाला “आई उद्या येईल” असे सांगू नका. उद्या येतो, आई येत नाही, आणि मग ते मूल कोणत्याच मोठ्या माणसाच्या बोलण्यावर विश्वास ठेवत नाही. “आईच्या पोटातल्या बाळाला अजून डॉक्टरांजवळ राहायचे आहे, म्हणून आई तिथे झोपते. रंगपंचमी झाली की त्यानंतर येईल,” असे काहीतरी तिला कळेल असे सांगावे, आणि तेही बदलू शकते हे सांगावे. एका मुलीने महिनाभर डबा खाल्ला नाही. शेवटी कळले की आई पोळीची गुंडाळी करून तिचे चार तुकडे करत असे आणि बाबा अख्खी गुंडाळी देत होते. दुसऱ्या एका मुलाला वाटत होते की त्याने आईच्या पोटावर उडी मारली म्हणून आई आजारी पडली. हे त्याने कोणालाच सांगितले नव्हते, चित्र काढताना माझ्याजवळ बोलला. त्यामुळे “तुझ्यामुळे काही झालेले नाही” हे वाक्य तिने विचारले नाही तरी तिला एकदा सांगा.

तिला शक्यतो तिच्याच घरात, तिच्याच अंथरुणात झोपवावे, मग तुम्हाला तिथे जाऊन झोपावे लागले तरी चालेल. सहा वाजता ती दारात उभी राहते ना? मग आईचा व्हिडिओ कॉल रोज नेमका सहालाच करा. बाबांनी तिच्या शाळेत कल्पना दिली आहे का, तेही पाहा. शिक्षकांना पुष्कळदा सगळ्यांत शेवटी कळते.

खिडकीशेजारची खाट

डोहाळजेवणाविषयी लिहायचे राहिले. माझी ओटी खाटेवरच भरली. सासूबाई, आई आणि सिस्टरांपैकी दोघी, बस्स. हिरवी साडी अंगावर नुसती पांघरली, फुले आणू दिली नाहीत म्हणून जावेने कागदाची वेणी करून आणली. मला त्या दिवशी फार बरे वाटले होते. पण माझ्या शेजारच्या खाटेवरच्या बाईने साफ नकार दिला होता. “बाळ हातात आल्याशिवाय मला काही साजरे करायचे नाही,” असे ती म्हणाली आणि तिचेही बरोबरच होते. हे सासूबाईंनी नव्हे, तिने ठरवावे. त्याच ओघात सांगते, बर्फी की पेढा हा खेळ तिथे टाळा. एक तर गर्भलिंग विचारणे आणि सांगणे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि दुसरे म्हणजे, त्या दिवसांत आईला केवळ ठोके ऐकायचे असतात.

अंबड–सातपूर

सिस्टरांनी केलेली दुरुस्ती मान्य. आमच्या वेळी हे कोणी सांगितले नव्हते.

आणखी एक आठवले. बाळंतपणाच्या रात्री एक माणूस पुरत नाही. पत्नी शस्त्रक्रियागृहात, बाळ दुसऱ्या मजल्यावर काचेच्या पेटीत आणि रक्तपेढीची चिठ्ठी माझ्या हातात, अशी वेळ माझ्यावर आली होती. मी जिन्यात मध्येच थांबलो, कारण वर जावे की खाली, तेच सुचेना. तीन माणसे आधी ठरवा आणि कोण कुठे उभे राहणार, तेही ठरवा. त्यातला कोणीतरी मुलीजवळ घरी असेल, म्हणजे चार.

निवृत्त सिस्टर, नाशिक रोड

हे अगदी खरे आहे. आणि काकू, सीझर झाले की आपले काम संपले असे समजू नका. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल तर आईला घरी सोडतात आणि बाळ तिथेच राहते. तो काळ आम्हाला प्रसूतीपूर्व काळापेक्षाही कठीण वाटत असे. अभिनंदनाचे फोन सुरू होतात, डबे बंद होतात आणि ती टाक्यांवर हात धरून दर तीन तासांनी दूध काढायला येत असते. चीक थोडाच निघतो, चमचाभरही नसतो, पण त्या बाळासाठी तो मोलाचा असतो. त्या दिवसांत तिला आणण्या-नेण्यासाठी एखादी गाडी ठरवली तर फार मोठी मदत होईल. बाळ स्थिर झाले की छातीशी उघड्या अंगाने धरायला देतात. वडिलांनाही देतात, हे त्यांना आधीच सांगा, कारण पुष्कळ पुरुष संकोचाने मागे सरतात. आणि बाळ चौतीस आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोहून कमी वजनाचे झाले तर डोळ्यांच्या पडद्याची तपासणी महिनाभरात व्हायलाच हवी. आनंदाच्या धांदलीत ती तारीख चुकते आणि नंतर भरून निघत नाही. ती तारीख तुमच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, त्यांच्या नव्हे.

त्या दोघांपैकी कोणाला सतत रडू येत असेल किंवा झोपच लागत नसेल, तर डॉक्टरांना सांगावेच, शिवाय १४४१६ या टेलिमानस (मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा) क्रमांकावर विनामूल्य मराठीतून बोलता येते.

इंदिरानगरची काकू

सर्वांचे आभार. काल रात्री आम्ही चार घरांतले लोक जमलो. डब्यांचे वार ठरले. धुण्याची पिशवी मी एक दिवसाआड आणणार आहे. तळमजल्यावरचे निवृत्त बँक अधिकारी पॉलिसी वाचून काढणार आहेत. त्यांना ते काम मिळाल्याचा आनंदच झाला. रक्तदात्यांच्या यादीत अकरा नावे आली, त्यांतल्या सहा जणांनी रात्रीचा फोन घेण्याचे कबूल केले. माझे पती रोज रात्री मुंबई नाक्यावर चहाला जाणार आहेत. बोलायचे काय, असा त्यांना प्रश्न पडला होता, तेव्हा क्रिकेटवर बोला, असे मी सांगितले.

त्याला मी विचारले नाही, फक्त कागद हातात दिला. त्याने तो दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि बराच वेळ बूट बांधत बसला.

डोहाळजेवणाविषयी तिला विचारले. तिने “बत्तीस झाले की सांगते” असे उत्तर दिले. सासूबाईंना मी तसे कळवले आहे, त्या थोड्या खट्टू झाल्या, पण हिरवी साडी त्यांनी आणून ठेवली आहे. मुलगी आता सहा वाजता फोनसमोर बसते. पोळी कशी कापायची, तेही आईला विचारून घेतले. तिरकी कापायची असते.

तिचे आठवडे मंगळवारी पूर्ण होतात. उद्या सत्तावीस. डबा माझ्याकडे आहे, मेथी निवडायला घेतली आहे.